पानाच्या कडेची लाली

मामा, तुमच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. दोष माझ्या दिव्यात होता आणि तो दिवा मी निवडला होता. तुम्ही जाण्याच्या पाच महिने आधी मला हे कळलं होतं. त्या पाच महिन्यांत मी तीनदा सांगलीला आलो, तुमच्यासमोर बसलो, मामींच्या हातचं जेवलो आणि हे न सांगता साताऱ्याला परत गेलो.

आज चौदावा दिवस. सकाळी माझं फोटोचं दुकान उघडलं. टेबलावर तुमच्या स्लाइड्सच्या पेट्या होत्या तशाच आहेत. दोन इंची पुठ्ठ्याच्या चौकटीतली ती इवलीशी पारदर्शक फिल्म आणि चौकटीच्या कडेला तुमचं बारीक अक्षर: गाव, वाण, पानाला काय कमी. ‘सावळज, थॉमसन, मॅग्नेशियम.’ ‘पलूस, सोनाका, लोह.’ सहाशेच्या वर द्राक्षाची पानं. भेटायला येणारे म्हणत होते, साहेबांनी कृषी खात्यात किती वर्षं काढली, किती गावं पालथी घातली. मी मान हलवत होतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र शेतकऱ्यांनी भरलेला शाळेचा एक वर्ग येत होता. खिडक्यांवर घोंगडी टांगून तुम्ही तिथे भरदुपारी अंधार केला होता आणि भिंतीवरच्या धोतरावर प्रोजेक्टरनं एकेक पान हातभर मोठं करून दाखवत होता. मी तेव्हा तुमच्याकडे शिकायला होतो, म्हणून स्लाइड सरकवण्याचं काम माझ्याकडे. माझ्याच हातून पानांच्या मध्ये मामींची स्लाइड गेली. महाबळेश्वरच्या पॉइंटवर उभ्या, हिरवं लुगडं, चेहरा उन्हानं लाल. मग मागून कुणीतरी म्हणालं, “सायब, ह्या रोगावर फवारनी कशाची?” तुम्ही न हसता म्हणालात, “ह्याला औषध न्हाई गड्या. लागन झाली की जन्मभर.” सगळा वर्ग बाकं बडवत हसला. मामी अजून ते ऐकलं की उठून आत जातात. परवाही कुणीतरी काढलं, तर उठून आत गेल्या. पण दारामागे उभ्या राहिल्या होत्या.

मामा, दिवा कसा निवडायचा हे मला तुम्हीच शिकवलं. म्हणून तर माझी चूक अजाणतेपणाची नाही.

तुमच्याकडे स्लाइड बघायची प्लायवुडची पेटी होती. वर दुधी काच, आत दोन ट्यूब. त्या तुम्ही पुण्याहून, छापखान्यांना माल पुरवणाऱ्याकडून आणल्या होत्या. मी एकोणीस वर्षांचा. मी विचारलं, “एवढं कशाला मामा? टेबल लॅम्पवर धरली स्लाइड तर दिसत नाही का?” तुम्ही एक स्लाइड साध्या पिवळ्या बल्बपुढे धरून माझ्या हातात भिंग दिलंत. पान पिवळं पडलेलं दिसलं. मग तीच स्लाइड स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली. पान हिरवंगार. मग पेटीवर ठेवलीत, भोवती काळा पुठ्ठा लावलात, बाजूचा उजेड डोळ्यात शिरू नये म्हणून. पान हिरवं होतं, पण कडेनं एक जांभळट लाल रेघ होती. बल्बवर ती करपल्यासारखी वाटली होती, ट्यूबवर दिसलीच नव्हती.

“बल्बखाली सगळी पानं आजारी,” तुम्ही म्हणालात. “ट्यूबखाली सगळी ठणठणीत, शेतकरी खूश. दोन्ही दिवे पेटलेले हायत, दोन्ही उजेड देतात. पण खरं कोण बोलतंय ते बघायचं.”

“ते कसं कळायचं?”

“तळहात धर. रोज बघतोस की न्हाई तो? तो मेलेल्या माणसासारखा दिसला तर दिवा ठेवून दे.”

पुढे मी साताऱ्यात दुकान टाकलं. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, जुने फोटो नवे करून देणं. रंग जुळवणं हाच माझा धंदा झाला. गिऱ्हाइकाच्या शालूचा रंग अल्बममध्ये चुकला तर तो मी रात्रभर दुरुस्त करीन. तुमच्या पानांसाठी मी तेवढं केलं नाही.

तुम्हाला पुस्तक करायचं होतं. जाडजूड नको, शेतकऱ्याच्या पिशवीत मावेल असं. त्यानं बागेत उभं राहून वेलीवरच्या पानाशेजारी छापलेलं पान धरावं आणि त्याचं त्याला कळावं, कशाची कमतरता आहे. तुम्ही सगळ्या स्लाइड्स माझ्या हवाली केल्यात. पेटीही दिलीत, पण तिचा चोक जळला होता आणि तसल्या ट्यूब आता मिळत नव्हत्या. एसटी स्टँडवर मला सोडायला आलात तेव्हा म्हणालात, “नंदू, बाकीचं तुला कळतं. तेवढा दिवा नीट बघून घे.”

मी काय घेतलं ते सांगतो. पाटीसारखा सपाट एलईडीचा दिवा, चित्रं गिरवायला मुलं वापरतात तसला. पातळ होता, पिशवीत बसत होता, खोक्यावर ‘डेलाइट’ लिहिलं होतं. चालू केला तर छान पांढरा दिसला. तळहात धरला नाही. आठवण झाली नाही असंही नाही. मला वाटलं, मामांच्या वेळचं ते, आता जग पुढे गेलंय.

दिवा पांढरा दिसणं वेगळं आणि त्या पांढऱ्यात सगळे रंग असणं वेगळं. स्वस्त एलईडी म्हणजे मुळात निळा उजेड, वरून पिवळा लेप देऊन पांढरा केलेला. गडद लाल त्यात नावापुरता असतो. स्लाइडवर लाल रेघ असली तरी मागून लाल उजेड आलाच नाही तर ती दिसणार कशी? मळकट तपकिरी दिसते, नाहीतर हिरव्यात बुडून जाते. मी स्लाइड स्कॅन करायचो, मग ती पाटीवर ठेवायचो आणि पडद्यावरचं चित्र तिच्यासारखं होईपर्यंत रंग हलवायचो. स्कॅनर बिचारा लाल दाखवत होता. मी म्हणायचो, स्कॅनर चुकतोय, आणि लाल कमी करायचो. एकेका पानाची लाली मी माझ्या हातानं पुसली.

गुढीपाडव्यानंतर मी छापील नमुने घेऊन आलो. दिवाणावर ते पसरले होते. द्राक्षबागायतदारांच्या गटातले चौघे-पाच जण आलेले. जतकडून बिरू आला होता. त्याचे वडील मेंढरं राखायचे, त्यानं तुमच्या शब्दावर बाग लावली. तुम्ही एकेक पान उचलून पाहत होता. निम्म्यावर थांबलात.

“नंदू, कडेची लाली कुठं गेली?”

“कुठली लाली, मामा?”

“ह्या पानाची. आणि ह्या. स्फुरद कमी पडलेलं पान हाय हे. कड लाल नसंल तर शेतकऱ्याला कळणार कसं?”

मी चार महिने बसून ते काम केलं होतं. चारचौघांत कुणी माझं काम चुकलं म्हणावं हे मला सहन झालं नाही. मी पिशवीतून पाटी काढली, स्लाइड ठेवली, भिंग ठेवलं, शेजारी छापलेला कागद ठेवला आणि सगळ्यांना म्हणालो, तुम्हीच बघा. एकेकजण वाकून पाहू लागला. बिरूनंही पाहिलं. म्हणाला, “सारकंच हाय की वो सायब.”

सारखं असणारच होतं. मी त्या पाटीवरूनच तर ते सारखं केलं होतं. खोटं दोन्हीकडे एकच होतं.

तुम्ही वाकून बराच वेळ पाहिलंत. म्हणालात, “सारखं हाय. पण हे खरं न्हाई.”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. “मामा, दोष कागदात नाही, तुमच्या डोळ्यांत आहे. मोतीबिंदू झालाय तुम्हाला. तो पिकला की रंग असेच दिसतात.”

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याला पुसलात, पुन्हा घातलात. मग बिरूकडे पाहत, पण मला विचारलंत, “मग आजवर जेवढ्यांना मी पान बघून सांगितलं, ते सगळं चुकलं असंल का रं?”

“तसं नाही हो, हे आता आता झालं असेल,” मी म्हणालो. एवढं म्हणून मी नमुने गोळा करून तुमच्यापाशी ठेवले आणि स्लाइड, पाटी पिशवीत भरली.

जूनमध्ये तुम्ही मिरजेला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंत. मोतीबिंदू होताच, त्याबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. मामी फोनवर म्हणाल्या, “पट्टी काढल्यावर यांना सदरा पांढरा दिसला. म्हणाले, इतकी वर्षं हा मला पिवळा दिसत होता का गं?” मला बरं वाटलं. मी म्हणालो, बघा, आता नमुने दाखवा त्यांना.

तुम्ही नव्या डोळ्यांनी तेच नमुने पाहिलेत. लाली तिथे नव्हतीच, तर दिसणार कुठून? तुम्हाला ताडून पाहायला स्लाइड नव्हती, पेटी नव्हती. दोन्ही मी घेऊन गेलो होतो. तुम्ही एवढंच ठरवलंत की आपल्या आठवणीतही खोट असली पाहिजे. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून नमुने परत पाठवलेत: ‘नंदू म्हणतो तसं.’ खाली सही. तो कागद माझ्याकडे आहे. मला तेव्हा त्यात जिंकल्यासारखं वाटलं होतं, हेही कबूल करतो.

श्रावणातल्या एका दुपारी दुकानातली वीज गेली. छापायला पाठवण्याआधी मी चौकटींवरची गावांची नावं तपासत होतो. अक्षर दिसेना, म्हणून स्लाइड घेऊन खिडकीशी गेलो आणि वाचायला वर धरली. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते, आभाळ एकसारखं पांढरं. गावाचं नाव मी वाचलंच नाही. कडेनं लाल रेघ होती. दुसरी धरली, तिसरी धरली. स्फुरदाच्या सगळ्या स्लाइड्सवर होती. काही ठिकाणी तर शिरेपर्यंत आत उतरलेली.

वीज आल्यावर मी पाटी लावली आणि तिच्यावर हात धरला. माझा तळहात राखेसारखा दिसला.

त्याच वेळी फोन करायला हवा होता. हातात घेतलाही होता. मग वाटलं, नुसतं सांगून काय उपयोग? आधी दिवा बदलू, सगळ्या स्लाइड्स पुन्हा जुळवू, पुस्तक छापू आणि त्यांच्या हातात देऊ. लाली पाहून ते आपोआप समजतील, मला बोलावं लागणार नाही. मामा, मी याला कष्ट समजत होतो. ती पळवाट होती.

या वेळी दिवा नीट निवडला. रंग किती खरे दिसतात याचा एक आकडा असतो, तो शंभराच्या जवळ पाहिजे. गडद लालचा वेगळा आकडा असतो, तो स्वस्त दिव्यांच्या खोक्यावर लिहीतच नाहीत. तो विचारून घेतला. उजेड दुपारच्या आभाळासारखा, ना निळसर ना पिवळा. तुमच्या पेटीतला जळका चोक काढून त्याच दुधी काचेखाली नव्या दिव्याच्या पट्ट्या बसवल्या. दुकानाच्या त्या कोपऱ्याला राखाडी रंग दिला, भिंतीचा रंग डोळ्यात जाऊ नये म्हणून. सगळं तुम्ही सांगितलं होतं तसं, फक्त एक वर्ष उशिरा.

दिवाळीत आलो तेव्हा सांगायचं ठरवूनच आलो होतो. फराळाची ताटली हातात असताना मी म्हणालो, “मामा, नवीन दिवा घेतलाय. जरा बरा आहे.” मी ‘जरा बरा’ म्हणालो. तुम्ही हसलात. “घे बाबा. माझ्या डोळ्याला आता काय फरक पडणार?” त्या क्षणी माझ्या तोंडात चकली होती. मी ती चावत राहिलो.

तेवढ्यात बिरू आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं घेऊन, जतहून, दोन गाड्या बदलून. तुम्ही फडक्याला हातही लावला नाहीत.

“प्रयोगशाळेत दे बिरू. मी आता पान बघत न्हाई.”

“आवं सायब, तितं धा दिस लागत्यात. तंवर बाग जाईल. नुसतं बगा की. तुमी न्हाई म्हणल्यावर कुनाकडं जायाचं?”

“रंगाचं माझं खरं न्हाई आता. ह्या नंदूला इचार. ह्याचं कामच हाय ते.”

तुम्ही फडक्यातलं एक पान माझ्या हातात दिलंत. “सांग रं. कड लाल हाय का?”

दारातून ऊन येत होतं. पान लाल होतं, आंधळ्यालाही दिसेल इतकं.

“हो, आहे,” मी म्हणालो.

“मलाबी दिसतंय,” तुम्ही हळूच म्हणालात. मग बिरूला म्हणालात, “पण माझं धरू नको. नंदू म्हणतोय म्हणून धर.”

मामा, तुमचं बोलणं मी खूपदा आठवून पाहिलं आहे. त्यात टोमणा कुठे सापडतो का हे मी शोधत असतो. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तुम्ही मनापासून बोलला होता. तुम्ही आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवलात, ती उचलून माझ्या हाती दिलीत, आणि मी ती ठेवून घेतली.

जानेवारीत मामींचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं, म्हणाल्या, आणि खुर्चीतच गेले. माझ्या पेटीवर त्या वेळी स्लाइड होती. तीसेक राहिल्या होत्या. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर पुस्तक झालं असतं, असं मी साताऱ्यापासून कराडपर्यंत स्वतःला सांगत होतो. कराडनंतर ते थांबलं. कारण पुस्तक कधी होतं हा प्रश्नच नव्हता. मला पाच महिने मिळाले होते आणि लागणार होतं एक मिनिट.

तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी दिला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मीच ठेवला. मामी आल्या होत्या, गटातली माणसं होती, बिरू रात्रीच येऊन राहिला होता. मी मनाशी एक ठरवलं होतं. कावळा शिवणार नाही. तुमचं एवढं मोठं राहिलेलं असताना तो कसा शिवेल? मग सगळे एकेक करून पुढे येतील, मामींना सांभाळू म्हणतील, पुस्तक काढू म्हणतील, आणि तरी तो येणार नाही. मग मला बोलावंच लागेल. मला ते कुणीतरी माझ्याकडून करवून घ्यायला हवं होतं.

पिंड ठेवून मी मागे सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला. इकडे तिकडे न पाहता भात उचलून गेला. मागोमाग आणखी दोन आले.

“साहेबांचं काही राहिलं न्हाई,” कुणीतरी म्हणालं. “समाधानानं गेलं.” माणसं मोकळी झाली. कुणी चपला शोधायला लागलं, कुणी तोंडावर पाणी मारायला नदीत उतरलं. मामींनी डोळे पुसले. “चल नंदू, ऊन झालं,” म्हणाल्या.

तुम्ही मला सोडून दिलं होतंत, मामा. आता कुणी काही विचारणार नव्हतं. नव्या रंगांचं पुस्तक निघालं असतं, लोकांनी भाच्याचं कौतुक केलं असतं आणि साहेबांचे डोळे शेवटी गेले होते ही गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात तशीच राहिली असती.

“मामी, थोडं थांबा,” मी म्हणालो. “बिरू, तूही थांब. सगळेच थांबा.”

ओलं धोतर नेसून, मुंडण केलेल्या डोक्यानं मी पायरीवर उभा होतो. मी सांगितलं. पाटीचं सांगितलं, लाली माझ्या हातानं पुसल्याचं सांगितलं, श्रावणातल्या दुपारचं सांगितलं. दिवाळीत पान हातात घेऊन गप्प बसल्याचंही सांगितलं. मामी माझ्याकडे पाहत नव्हत्या, पाण्याकडे पाहत होत्या.

बिरूनं विचारलं, “म्हंजी सायबास्नी दिसत हुतं?”

“सगळं दिसत होतं.”

“मग तवाच का न्हाई सांगितलं त्यास्नी?”

“लाज वाटली.”

तो मग म्हणाला, “लय वंगाळ केलंसा तुमी.” आणि माझ्याजवळून बाजूला झाला.

मामींनी मान वर केली. मला वाटलं, आता त्या उठून जातील. त्या म्हणाल्या, “ऑपरेशन झाल्यावर रोज सकाळी परसात जाऊन जास्वंद बघायचे. मला विचारायचे, हे लालच आहे ना गं? मी म्हणायची, हो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.” मग म्हणाल्या, “मला नको सांगूस. त्यांना सांग.”

मग मी नदीकडे तोंड केलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. एवढंच बोलता आलं:

“मामा, तुम्हाला बरोबर दिसत होतं. मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं, आणि कळल्यावरही तुम्हाला तसंच जाऊ दिलं. माझं चुकलं. मला माफ करा.”